सिंदी रेल्वेहून नागपूर रोजचं अपडाऊन: गाडी, एसटी की रेल्वे? सल्ला पाहिजे

पऱ्हाटी_सेलू:
नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव सिंदी रेल्वेपासून पाच-सहा किलोमीटर आत आहे, सेलू तालुका, जिल्हा वर्धा. माझं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालं आणि नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आहे, एक तारखेपासून जॉइन व्हायचं आहे. टाइम साडेनऊ ते सहा, रविवारी सुट्टी, पण सॅम्पल उशिरा आले तर कधी कधी साडेसहा-सात होऊ शकते असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. पगार सुरुवातीला जास्त नाही त्यामुळे जाण्यायेण्यात किती जाते हे मोजूनच ठरवावं लागेल.

आता घरात तीन मतं झाली आहेत. बाबा म्हणतात कोणाच्या भरवशावर राहू नको, हप्त्यानं स्कुटी घेऊन देतो, सरळ नागपूरपर्यंत जा. आई म्हणते बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे तर वर्धा-नागपूर रोडवरच्या सेलडोहपर्यंत दादा सोडून देईल, तिथून वर्ध्याकडून येणारी बस पकड. दादा म्हणतो रेल्वेचा सीझन म्हणजे महिन्याचा पास काढ, सगळ्यात स्वस्त तोच, पण सिंदीला थांबणाऱ्या गाड्या कमी आणि त्या लेट होतात असं सगळेच सांगतात. खोली करून नागपूरला राहायचं मी नाही म्हटलं कारण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि संध्याकाळचं घरचं काम माझ्याच अंगावर आहे, वेचणीच्या दिवसात तर घरी कोणीच नसते. मले खरं विचारायचं ते हे की जे लोक या लाइनवर रोज जातात त्यांना काय परवडते, फक्त पैशानं नाही, जिवाच्या दृष्टीनं पण. पावसाळा, उन्हाळा, अंधार हे सगळं धरून सांगा.

बोरखेडी_सीझनवाला:
ताई आधी अभिनंदन. मी याच लाइनवर रोज जातो म्हणून सांगतो, सिंदी ते नागपूर रेल्वेनं पन्नासेक किलोमीटर पडते आणि सेकंड क्लासचा महिन्याचा सीझन पाचशेच्या बराच आत येते. एवढ्या पैशात दुसरं कोणतंच साधन तुले तिथं नेऊन सोडणार नाही. 1 जुलै 2025 पासून रेल्वेनं तिकिटं वाढवली तेव्हा पण सीझनला हात लावला नाही. आणि तीन महिन्यांचा काढला तर महिन्याच्या 2.7 पट पैसे लागतात, म्हणजे तेवढीच आणखी बचत, पण पहिल्याच वेळी तीन महिन्यांचा काढू नको, आधी एक महिना जाऊन पाय.

लेट होण्याचं लोक बरोबर सांगतात पण कारण समजून घे म्हणजे कोणत्या गाडीवर भरवसा ठेवायचा ते समजते. सेवाग्राम ते नागपूर हा तुकडा असा आहे की मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही मोठ्या लाइनी इथं एकाच रुळावरून जातात, वरून कोळशाच्या मालगाड्या. सुपरफास्ट मागून आली की आपली पॅसेंजर बाजूच्या लूप लाइनले घेऊन उभी करतात, मग दहा मिनिटं जावो का चाळीस. तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम त्याच्यासाठीच चालू आहे, ते पूर्ण झालं की फरक पडेल पण तुझी नोकरी एक तारखेपासून आहे. म्हणून नियम एकच ठेव, साडेनऊला पोचायचं तर जी गाडी तुले अगदी वेळेवर सव्वानऊला नेऊन सोडते ती तुझी गाडी नाही, तिच्या आधीची तुझी गाडी. लवकर पोचली तर लॅबसमोर बसून चहा पिशील, उशिरा पोचली तर मॅडमचं ऐकशील.

उतरायचं नागपूरच्या आधीच्या अजनी स्टेशनला, नागपूर मेन स्टेशनले जाऊ नको. जी गाडी अजनीले थांबते ती पकडायची आणि काँग्रेस नगरच्या बाजूनं बाहेर निघायचं, धंतोली तिथून चालत जाण्यासारखी आहे. स्टेशनाच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन डिसेंबर 2022 मध्ये झालं तेव्हापासून तिथं येण्याजाण्याचे रस्ते बदलत असतात म्हणून जॉइन व्हायच्या आधी एकदा दादाले घेऊन येऊन स्वतः रस्ता पाहून घे. मोबाइलवर व्हेअर इज माय ट्रेन टाकून ठेव, गाडी कुठं उभी आहे ते घरूनच दिसते, उगाच स्टेशनवर जाऊन वाट पाहत बसायचं काम नाही. आणि हो, सीझनवर रिझर्वेशनच्या डब्यात चढायचं नाही, सुपरफास्टले वेगळा सरचार्ज लागते. एखादा म्हणेल चढ काही होत नाही, ऐकू नको, पहिल्याच पगारातून दंड जाईल.

लालपरी_वर्धा:
एसटीचा हिशेब कोणीच नीट करत नाही म्हणून मी करून देतो. आईचं म्हणणं चुकीचं नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सगळ्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे, साधी असो का शिवशाही. हे फक्त एसटीचं आहे बरं का, ट्रॅव्हल्समध्ये नाही आणि नागपूरच्या आपली बसमध्ये पण हे चालत नाही, त्या महापालिकेच्या आहेत.

जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्के वाढलं. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असते, सेलडोहवरून नागपूर धरलं तर साध्या बसचं पूर्ण तिकीट शंभराच्या आत-बाहेर, तुले अर्धं म्हणजे पन्नासच्या आसपास. येणं-जाणं शंभर धर. महिन्यात पंचवीस दिवस गेली तर अडीच हजार.

आता लोक सांगतील मासिक पास काढ. महिन्याच्या पासला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास भेटते, ही योजना माझ्यासारख्या गड्यासाठी चांगली आहे, तुझ्यासाठी नाही. वीस दिवसांचं पूर्ण भाडं म्हणजे चार हजाराच्या जवळ आणि पंचवीस दिवसांचं अर्धं भाडं अडीच हजार. तू पास न काढता रोज अर्धं तिकीट घेतलं तरी स्वस्त पडते, सुट्टी घेतली त्या दिवशीचे पैसे वाचतात ते वेगळे.

पण ताई एक गोष्ट खरी सांगतो, मी एसटीचा माणूस आहे तरी सांगतो. सकाळी वर्ध्याकडून येणारी बस सेलूपर्यंतच भरून येते, कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, सगळे उभे. फाट्यावर हात दाखवला तर ड्रायव्हर थांबेलच असं नाही. त्याच्या उलट संध्याकाळी गणेशपेठ बस स्टँडवरून बस सुटते तिथं तुले बसायले जागा भेटते कारण ती सुरुवात आहे. म्हणून माझं म्हणणं असं की एसटी येताना वापर, जाताना नाही.

दोनदा_टायर_बदलला:
बेटा मी तुझ्या बाबाच्या वयाचा माणूस आहे, त्यायच्या मनातली काळजी मले समजते. पोरीले कोणाच्या भरवशावर सोडाचं नाही असं बापाले वाटतेच. पण त्यायले म्हणाव नागपूरपर्यंत स्कुटी पाठवू नका. मी बुटीबोरी एमआयडीसीत लय वर्ष फटफटीनं गेलो म्हणून बोलून राहिलो.

तुझ्या गावाहून बुटीबोरीपर्यंत वर्धा रोड बरा आहे, चार पदरी झाला. पण बुटीबोरीले यवतमाळ-वर्ध्याकडचा 361 नंबरचा हायवे हैदराबादच्या 44 नंबरले मिळते, तिथून पुढं नागपूरपर्यंत ट्रक, कंटेनर, कंपनीच्या बसा, ट्रॅव्हल्स, सगळं एका रस्त्यावर. सकाळी आठ-नऊले शिफ्ट बदलते तवा तं इचारूच नको. स्कुटीचं चाक लहान असते, खड्ड्यात गेलं का सावरणं कठीण. मागून कंटेनर आला का त्याच्या हवेनंच हलका गाडा हालते. दिवसाचे शंभराच्या वर किलोमीटर होतात. उन्हाळ्यातल्या नवतपात अकरा-बारा वाजता निघाली नाही तरी सहा वाजताही रस्ता तापूनच राह्यते, आपल्या इकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते. पावसाळ्यात ट्रकच्या चाकातून जे पाणी उडते त्यानं समोरचं काई दिसत नाई. आणि हिवाळ्यात साडेसहाले अंधार.

पैशाचंही पाय. पेट्रोल शंभराच्या वर, रोज दोन लिटर धर, महिन्याले पाच हजार तिथंच गेले. हप्ता वेगळा, सर्व्हिसिंग वेगळी, टायर वेगळा. नवीन पगारात एवढं कायले घालाचं. कोणी म्हणेल समृद्धी आहे न जवळून, तं समृद्धीवर दुचाकीले परवानगीच नाई.

पण स्कुटी नको असं मी म्हणत नाई. घेऊन द्या म्हणाव, पण गाव ते सिंदी स्टेशन एवढ्यासाठी. दादाची वेचणी, फवारणी असली का तो सोडाले येऊ शकत नाई, पोरगी अडकून पडते. पाच किलोमीटर गावच्या रस्त्यावर स्वतःची गाडी पाहिजे, पन्नास किलोमीटर हायवेवर नाई. त्यासाठी नवी पण लागत नाई, जुनी चांगली पाहून घेतली तं हप्त्याचं ओझं नाई. हेल्मेट मात्र नवीन घ्या, आयएसआय मार्क पाहून.

मेट्रो_रोजचा_प्रवासी:
मेट्रोचं कोणी बोललं नाही म्हणून. खापरी ते सीताबर्डी 2019 च्या मार्चमध्ये सुरू झाली, पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये पूर्ण झाला, आता ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आहे. बरेच जण बुटीबोरीकडून गाडीनं खापरीला येतात, तिथं गाडी ठेवतात आणि मेट्रोनं पुढं जातात, त्यामुळं वर्धा रोडवरचं शहरातलं ट्रॅफिक वाचतं. काँग्रेस नगर स्टेशन धंतोलीला लागूनच आहे.

तरी पण तुमच्यासाठी मी मेट्रो मुख्य साधन म्हणून सुचवणार नाही. खापरीपर्यंत यायलाच तुम्हाला चाळीसेक किलोमीटर काढावे लागतील, तोपर्यंत रेल्वे तुम्हाला सरळ अजनीला आणून सोडते. दुसऱ्या टप्प्यात मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत लाइन जाणार आहे, त्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर 2022 मध्ये मिळाली, ती झाली की बुटीबोरी-बोरखेडीच्या लोकांचं चित्र बदलेल. सिंदीकरांना मात्र तेव्हाही रेल्वेच जवळची.

मेट्रो कामाची आहे ती एका गोष्टीसाठी. संध्याकाळी रेल्वे रद्द झाली किंवा दोन तास लेट दाखवत असेल तर अजनी स्टेशनवर ताटकळत बसू नका. काँग्रेस नगरवरून मेट्रो, सीताबर्डीला बदलून पुढचं स्टेशन कॉटन मार्केट, तिथून गणेशपेठ जवळ पडतं आणि एसटी मिळते. किंवा धंतोलीतूनच सरळ ऑटो करा, तेवढंच अंतर आहे.

बुटीबोरीची_वैशाली_नाही:
मी स्वतः नागपूरच्या एका दवाखान्यात कामाला आहे आणि बुटीबोरीहून रेल्वेनं जाते, म्हणून तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसली. वरच्या सगळ्या भाऊ-काकांनी चांगलं सांगितलं पण ते सगळे जाण्याचं सांगून राहिले. सकाळी बाईमाणसाला काहीच अडचण नसते गं, डबा भरलेला, उजेड असते, ओळखीचे चेहरे असतात. ठरवायचं ते संध्याकाळवर. सातला लॅबमधून सुटली तर कोणती गाडी भेटते, ती सिंदीला किती वाजता टेकते, आणि तिथून पाच-सहा किलोमीटर तुझ्या गावापर्यंत त्या वेळी कोण असते रस्त्यावर. हे तीन प्रश्न कागदावर लिही आणि त्याचं उत्तर काढ, मग पैशाकडं पाय.

पहिलं म्हणजे लॅबशी आत्ताच बोल, जॉइन झाल्यावर नाही. साडेनऊ-सहाच्या जागी नऊ-साडेपाच मागून पाय. लॅबला तर सकाळी उपाशीपोटीचे सॅम्पल घ्यायला माणूस लवकरच पाहिजे असते, त्यामुळं त्यांच्याही सोयीचं आहे, नाही म्हणण्याचं कारण नाही. उशीर होणार असेल तर महिन्यातून किती वेळा आणि तेव्हा कोण जबाबदार, हे विचारायला लाजू नको. आम्ही गावच्या मुली नोकरी लागली याच आनंदात काहीच विचारत नाही आणि मग रोज सहा वाजले की घड्याळाकडं पाहत छातीत धडधड. मी आमच्या मॅडमला सुरुवातीलाच गाडीचा टाइम सांगितला, त्यांनी रजिस्टरमध्ये लिहून ठेवला, तेव्हापासून साडेपाचनंतर नवीन काम माझ्याकडं येत नाही.

दुसरं, महिलांच्या डब्यात बस आणि दोन-चार दिवस त्याच डब्यात बस. या लाइनवर शिक्षिका आहेत, नर्स आहेत, कोर्टात कामाला असलेल्या आहेत, सीझनवाल्या बायांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असते, त्यात एकदा गेली की गाडी कुठं अडकली, कोणता डबा रिकामा, सगळं समजते. मी नवीन होती तेव्हा एक ताई रोज माझ्यासाठी जागा धरून ठेवायची, तिला मी ओळखतही नव्हती. कोणी त्रास दिला तर 139 रेल्वेचा नंबर आहे आणि 112 पोलिसांचा, दोन्ही मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव.

तिसरं, स्टेशनवर स्कुटी उघड्यावर ठेवू नको. सिंदीत स्टेशनजवळ नातेवाईक किंवा बाबांच्या ओळखीचं घर असेल तर त्यांच्या अंगणात ठेव, महिन्याचे काही पैसे दे. त्यात फायदा हा की उशीर झाला तर त्या घरी बसून दादाची वाट पाहता येते, स्टेशनच्या बाकावर नाही.

आणि पावसाळ्यात तुझ्या गावच्या रस्त्यावर नाला आडवा येतो का? आमच्याकडं येतो म्हणून विचारते. पूर आला की रेल्वे चालू असते, एसटी चालू असते आणि शेवटचे दोन किलोमीटरच बंद असतात. त्या दिवसांसाठी सिंदीत किंवा नागपूरला एक घर ठरवून ठेव जिथं रात्री हक्कानं थांबता येईल. खोली करायची गरज नाही, एक मावशी किंवा मैत्रीण पुरेशी आहे. तिच्याकडं कपड्यांचा एक जोड ठेवून दे.

आईच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण ताई संध्याकाळचं सगळं काम तुझ्याच अंगावर आहे हे मात्र घरी बोलून बदल. पहाटे पाचला उठून, पन्नास किलोमीटर जाऊन, दिवसभर उभं राहून, परत येऊन चुलीपुढं, हे सहा महिने होते आणि मग नोकरी सुटते. माझ्यासोबतच्या दोघींची अशीच सुटली. दादा भाकरी नाही करू शकला तरी कुकर लावू शकते.

पऱ्हाटी_सेलू:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काकांचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले जुनी स्कुटी पाहू. बुटीबोरीच्या ताई, नाला आहेच, गाव सोडल्यावर एक किलोमीटरवर, मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी दोन दिवस बंद होता. सिंदीत आत्याचं घर आहे, आजच बोलते तिच्याशी. लॅबला पण फोन केला, नऊ-साडेपाचचं विचारून सांगतो म्हणाले.

म्हणजे सकाळी रेल्वे, संध्याकाळी रेल्वे वेळेवर असेल तर रेल्वे नाहीतर गणेशपेठहून एसटी, आणि सेलडोहला उतरायचं असेल त्या दिवशी दादाला आधी फोन. पण मग एक अडचण, स्कुटी सिंदीला आत्याकडं आणि मी सेलडोहला, तेव्हा काय करता? आणि सीझन सिंदी-अजनी काढायचा की सिंदी-नागपूर?

बोरखेडी_सीझनवाला:
सीझन सिंदी-नागपूरच काढ. मधल्या अजनीले उतरायले कोणी अडवत नाही, पण अजनीचा काढला आणि एखाद्या दिवशी गाडी अजनीले थांबणारी नसली तर पुढं विनातिकीट होशील. पैशात फरक काही नाही म्हणण्यासारखाच आहे. पहिल्यांदा सिंदीच्या काउंटरवर आधार कार्ड घेऊन जा, पुढच्या महिन्यापासून मोबाइलवर रेल्वेच्या रेलवन अॅपमधून पण निघते, आणि संपायच्या दहा दिवस आधीपासून रिन्यू होते तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नको, एक तारखेले खिडकीवर लय रांग असते.

लालपरी_वर्धा:
स्कुटीचं मी सांगतो. सेलडोहला उतरली की दादानं घ्यायला यायचं आणि सरळ घरी, स्कुटी त्या रात्री आत्याकडंच राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सिंदीपर्यंत सोडेल, संध्याकाळी परत येताना स्कुटी घेऊन जायची. फक्त रात्री सेलडोहवरून सिंदीला फक्त स्कुटी आणायला म्हणून जाऊ नका. आणि बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांग सेलडोहला उतरायचं आहे, काही जलद बसा तिथं थांबत नाहीत, तिकीट फाडायच्या आधीच विचारून घ्यायचं.